मनगटाचा सांध्यात शिरलेला अस्थिभंग : बाह्य स्थिरीकरण

हात टेकून पडल्यावर रेडियस हाडाचे मनगटाकडील टोक मोडते. भेग सांध्याच्या पृष्ठभागात शिरली आणि तुकड्यांत २ मिमीहून अधिक पायरी राहिली, तर पुढे संधिवाताचा धोका वाढतो. चुरा झालेले हाड प्लास्टरमध्ये खचते. तेव्हा तर्जनीच्या तळहातातील हाडात आणि रेडियसच्या दांड्यात पिना बसवून त्या त्वचेबाहेरील सळईने जोडतात. ताणलेले अस्थिबंध तुकड्यांना जागेवर ओढतात. मधोमध खचलेला तुकडा मात्र नुसत्या ताणाने वर येत नाही, त्याला उचलून तारेचा आधार द्यावा लागतो. ही बाहेरची चौकट साधारण ६ आठवडे ठेवतात. ताण जास्त झाला की बोटे आखडतात.

मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली ‘जेस’ ही बारीक तारा, सळया व जोडखिळ्यांची हलकी, स्वस्त पद्धत या कामी वापरतात. आता तळव्याकडून बसवायच्या प्लेटला बहुधा पसंती असते. उघडी जखम किंवा फार चुरा असल्यास चौकटच सोयीची.

चंद्रपूर-गडचिरोलीत प्रश्न शस्त्रक्रियेनंतरचा अधिक. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण भामरागड, सिरोंचाहून फेरतपासणीला येणे म्हणजे दिवस मोडणे, पावसाळ्यात पूर आला तर रस्ताच बंद. धानाच्या चिखलात पिनांची भोके चिघळू शकतात. रुग्णालयात येण्याआधी कुणी कामट्या करकचून बांधल्या असतील, तर बोटांची संवेदना व रक्तपुरवठा आधी पाहावा.