मेकॅनोतून आलेला साहित्य-आढावा

क्षयरोगावर काम करणाऱ्याला साहित्य-आढावा चुकत नाही. कोणी काय करून पाहिलंय, कुणाचे निष्कर्ष एकमेकांशी पटत नाहीत, कशाला अजून कुणी हातच लावलेला नाही, हे कळल्याशिवाय प्रयोगावर पैसा आणि रुग्ण खर्ची घालणं गैरच. आज हा शोध प्रश्नाचे तुकडे पाडून घेतात : रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, परिणाम काय. वैद्यकात ही चौकट १९९५ साली मांडली गेली. तिचं मूळ मला लंडनमधल्या एका खेळण्यात दिसतं.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन, मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली शिकायला लंडनला गेले. तिथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिला. पट्ट्या त्याच, नटबोल्ट तेच, वस्तू मात्र दर वेळी नवी. ग्रंथालयांत रूढ असलेल्या ड्युईच्या वर्गीकरण पद्धतीत विषयांचे खण आधीच ठरलेले. रंगनाथनांनी मेकॅनोच्या पट्ट्यांसारखे विषयाचे नुसते सुटे पैलू ठेवले. १९३३ साली त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण छापून आलं.

त्यातला हा क्रमांक पाहा : एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५. एल वैद्यक, ४५ फुप्फुस, ४२१ क्षय, ६ उपचार, २५३ क्ष-किरण, एफ संशोधन, ४४ भारत, एन५ म्हणजे १९५०. संशोधकाचा अख्खा प्रश्न एका ओळीत!

द्विबिंदू (:) तर ब्रुसेल्सच्या ऑत्ले आणि ला फोंतेन यांच्या वर्गीकरण पद्धतीत आधीच होता, मग यात नवं काय, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. तिथे तो दोन तयार क्रमांक जोडतो; इथे जुळणी झाल्यावरच क्रमांक तयार होतो. सूचीकार कायझर यांचा दावा जास्त वजनदार आहे. वस्तू आणि क्रिया त्यांनी १९११ मध्येच वेगळ्या काढल्या होत्या. पण वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ अशी पाचांची मोट बांधली ती रंगनाथनांनीच.

१९५५ मध्ये लंडनच्या वर्गीकरण संशोधन गटाने पैलूंची पद्धत सगळ्या माहितीशोधाचा पाया मानली. १९६२ मध्ये बेंगळुरूत भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली रंगनाथनांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र काढलं. तिथे पुस्तकापेक्षा शोधनिबंधाला महत्त्व आलं, कारण शास्त्रज्ञाला तोच हवा असतो. पुढे वैद्यकीय ग्रंथपालांच्या हातून ही रीत डॉक्टरांपर्यंत गेली असणार, असा माझा तर्क आहे. या चौकटीचं श्रेय टाउब यांच्या सुट्या शब्दांच्या सूचीला द्यावं, असं म्हणता येईल. पण त्या सूचीत कोणता शब्द रोगाचा आणि कोणता उपचाराचा हे ठरलेलं नसतं. १९९५ च्या चौकटीत प्रत्येक तुकड्याची भूमिका आधी ठरते, आणि ती रंगनाथनांची रीत आहे.