रनिंगमधली गाडी

साठ-सत्तरच्या दशकात एखाद्या नव्या फियाटच्या मागच्या काचेवर कागद चिकटवलेला दिसायचा, ‘रनिंग इन’. म्हणजे इंजिन नवं आहे, मी सावकाश चाललोय, तुम्ही खुशाल पुढे जा. आमच्या बुलढाण्याकडे असल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण तो कागद बोअर केलेल्या जुन्या जीपलाही लागायचा, कारण इंजिन बोअर करून नवे पिस्टन-रिंगा टाकल्या की गाडी पुन्हा ‘रनिंगमध्ये’ यायची. चाळीसच्या वर काटा नेला की शेजारी बसलेला मेकॅनिक डोळे वटारायचा!

ही फियाट आपल्याच महाराष्ट्रातली, कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी, मग इटलीच्या फियाटशी करार. वालचंद १९५३ मध्ये गेले. ११०० या मॉडेलचा पसारा खरा वाढला तो त्यानंतर. पुढे तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. परवाना-परमिटच्या त्या काळात गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. बजाजच्या चेतक स्कूटरचीही (१९७२ पासून) तीच कथा. इतकी वाट पाहून मिळालेली वस्तू जन्मभर टिकली पाहिजे, ही भावना. माझ्या मते रनिंग-इन एवढ्या श्रद्धेनं पाळलं गेलं त्याचं निम्मं कारण यंत्रात आहे आणि निम्मं त्या प्रतीक्षायादीत.

आता यंत्रातलं कारण. मी भाषा शिकवणारा माणूस, पण हे मी आमच्या मेकॅनिककडे स्टुलावर बसून समजून घेतलं आहे. सिलिंडरची आतली भिंत आपल्याला आरशासारखी वाटते, पण तशी ती मुद्दामच ठेवत नाहीत. घासदगडानं तिच्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. त्या रेघांत तेल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर खाली-वर घासत जातात, दोन्हीकडचे उंचवटे झिजतात आणि रिंग भिंतीला नेमकी बसते. हे होताना लोखंडाचा बारीक चुरा तेलात उतरतो, म्हणून पहिलं तेल लवकर बदलायचं. सुरुवातीलाच गाडी ताणली तर घर्षणानं तापून पिस्टन भिंतीला चिकटू शकतो. मात्र उलटंही खरं आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. गाडी अगदीच गोंजारत चालवली तर रिंगेवर स्फोटाच्या वायूचा पुरेसा दाब येत नाही, ती भिंतीला नीट टेकत नाही, भिंत गुळगुळीत होऊन बसते आणि मग इंजिन तेल पीत राहतं.

हे ऐकून मेकॅनिक म्हणाला होता, “सर, गोऱ्ह्याले पह्यले रिकाम्या छकड्याले जुपतात, मंग थोडं वझं. पन गोठ्यातच बांधून ठेवला तं तो कामाचा होत नाई.” त्याच्यापेक्षा नेमकं मला तरी सांगता येणार नाही.

शेतकऱ्यांना हे मोटारवाल्यांच्या आधीपासून कळत होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला १९०३ साली, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. विहिरीवर नवं डिझेल इंजिन आलं की हळद-कुंकू, नारळ, आणि मग काही तास बिनभाराचं चालवणं. पंपाचा पट्टा त्यानंतर चढायचा. कुणी पुस्तक वाचून हे करत नसे. (पुस्तक बहुतेक देव्हाऱ्यातच असे!)

गेल्या वर्षी पुतण्यानं कर्ज काढून गाडी घेतली. सात वर्षांचे हप्ते. दुसऱ्याच दिवशी मेहकरहून समृद्धीवर चढून नागपूर गाठायचा बेत. मी रनिंगचं म्हटलं तर, “काका, आता असलं काही नसतं.” त्याचं बरंचसं बरोबर आहे. आता भिंतीवरचे उंचवटे कारखान्यातच घासून काढतात, मोजमाप कितीतरी काटेकोर, तेल पातळ आणि शुद्ध. काचेवरचा कागद गेला तो उगाच नाही. पण त्याच्याच गाडीचं माहितीपुस्तक काढलं. पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत एकाच वेगानं फार वेळ चालवू नका, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नका, असं छापलेलं. समृद्धी महामार्ग (नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला) म्हणजे नेमकं तेच, तासन् तास एकशेवीसचा एकच सूर. इंजिनाला हवं असतं कमी-जास्त, चढ-उतार. नवे टायर नि ब्रेकही थोडे चालल्याशिवाय पुरती पकड घेत नाहीत, आणि या रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ ला बसमध्ये पंचवीस जीव गेले, ते जिल्हा विसरलेला नाही. त्या अपघाताचा रनिंगशी संबंध नाही, पण वेगाचं नाव निघालं की आमच्याकडे तेच आठवतं.

तो थोडा घुश्शातच चिखली-मलकापूर फिरून आला, राजूर घाट खालच्या गिअरमध्ये चढून. नागपूर पंधरा दिवसांनी झालं.

असो. विजेवरच्या नव्या चेतकला पिस्टन नाही, रिंगा नाहीत. आमच्याकडच्या बऱ्याच विहिरींवरही आता विजेच्या मोटारी आहेत. बटण दाबलं की पाणी, अर्थात लाईन असेल तर.