रात्रपाळी व निद्रा

रात्रपाळी : मध्यरात्रीपलीकडे चालणारी कारखान्यातील कामाची पाळी. महाराष्ट्रात तिचा इतिहास कामाच्या तासांविषयीच्या लढ्याशी निगडित असून कामगाराच्या झोपेचा विचार त्यात फार उशिरा आला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १९११ च्या अधिनियमाने गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची, १९२२ च्या अधिनियमाने ११ तासांची, तर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ९ तासांची दैनिक मर्यादा घातली. मध्यरात्रीपलीकडे जाणाऱ्या पाळीसाठी साप्ताहिक सुटीचे २४ तास पाळी सुटल्यापासून मोजावेत, अशीही तरतूद या शेवटच्या अधिनियमात होती. हेतू चांगला होता. तथापि सकाळी सुटलेल्या कामगाराची निम्मी सुटी झोपेतच संपते, हे त्या हिशेबात आले नाही.

पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये पेनिसिलिनसाठी लागणारी किण्वनक्रिया दिवसरात्र अखंड चालवावी लागे. तेथे रात्रीचे काम अपरिहार्य होते. पुढे पिंपरी-चिंचवडमध्ये, आणि १९९० नंतर चाकण परिसरात, वाढलेल्या मोटारी व सुटे भाग यांच्या कारखान्यांना अशी नैसर्गिक सक्ती नव्हती. महागडी यंत्रे रिकामी राहू नयेत, हे तेथील रात्रपाळीचे मुख्य कारण होय. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या प्रकारात नफ्यातोट्याच्या हिशेबात झोपही धरता येते.

मानवी शरीराची दैनिक लय प्रकाशावर अवलंबून असते. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान व सावधता नीचतम असते; याच वेळी यंत्रावरील चुका, सदोष माल व अपघात यांचा धोका वाढतो. रात्रपाळीनंतरची दिवसाची झोप बहुधा ५-६ तासांचीच होते. शरीराची लय दिवसाला साधारण तासाभरानेच सरकत असल्याने, आठवड्याने पाळी बदलणाऱ्या कामगाराचे शरीर रात्रीला पुरते सरावण्यापूर्वीच पाळी पालटते. दीर्घकालीन रात्रपाळीचा हृद्रोग व मधुमेह यांच्याशी संबंध आढळला असून, २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिचा समावेश संभाव्य कर्ककारकांत केला.

झोपेचा प्रश्न कारखान्याच्या फाटकाबाहेरही उरतो. मुंबईच्या चाळीत एकाच खोलीत निरनिराळ्या पाळ्यांचे कामगार आळीपाळीने झोपत. औद्योगिक पट्ट्यातील भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांत एप्रिलच्या दुपारी झोप लागणे दुरापास्तच; आणि बिऱ्हाड एका खोलीचे असल्यास घरधन्याच्या झोपेसाठी मुलांना बाहेर खेळावयास धाडावे लागते व घरातील बाईला भांडीही बेताने वाजवावी लागतात.