अन्न न सोसणे

अन्न न सोसणे (अन्न-असहनशीलता) : एरवी निर्धोक असलेला एखादा पदार्थ विशिष्ट मात्रेपेक्षा जास्त खाल्ल्यावर पोटात गुबारा धरणे, मुरडा येणे, जुलाब, मळमळ किंवा अंग जड होणे. पदार्थ नासलेला नसतो आणि शरीराची प्रतिकारयंत्रणाही त्यावर तुटून पडलेली नसते. अडचण असते ती बहुधा पचनाची आणि मात्रेची. बोलीत यासाठी ‘सोसत नाही’, ‘मानवत नाही’, ‘बाधतं’ अशी क्रियापदे आहेत. त्यांतले ‘सोसणे’ वैद्यकीय अर्थाच्या सर्वांत जवळ जाते, कारण सोसण्याला मर्यादा असते. अर्धी वाटी सोसते, दोन वाट्या सोसत नाहीत. प्रस्तुत नोंदीत हा विषय धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर आणि आसपासच्या ज्वारीपट्ट्याच्या ताटावरून मांडला आहे.

ॲलर्जीशी याची गल्लत नेहमी होते, आणि ती महागात पडू शकते. शेंगदाणा, अंडे, मासे यांच्या ॲलर्जीत आयजीई नावाची प्रतिपिंडे कामाला लागतात. काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो. जीवही जाऊ शकतो. तेथे मात्रेची चर्चा करायची नसते, कणभरही पुरतो. सिलिॲक हा तिसरा प्रकार. गव्हातील ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते, अस्तरावरची रसांकुरे झिजतात, आणि लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत. न सोसण्यात आतडे असे झिजत नाही. त्रास खरा असतो, पण इजा नसते.

ज्वारी आणि गहू : सास्तूरच्या परिसरात रब्बीची ज्वारी हे पिढ्यानपिढ्यांचे अन्न. मोहोळ येथे मालदांडीतून निवडलेले एम ३५-१ हे वाण आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी मोती’सारखी वाणे याच पट्ट्यातली. ज्वारीत ग्लूटेन नसते. हे प्रयोगशाळेने सांगण्याआधी भाकरी थापणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाताला ठाऊक होते. पीठ गव्हासारखे ताणले जात नाही, म्हणून उकळते पाणी घालावे लागते. पीठ जुने झाले की विरी जाते आणि भाकरी कडेने चिरते.

पण ग्लूटेन नाही एवढ्यावरून ज्वारी सर्वगुणसंपन्न ठरत नाही. अलीकडे भरडधान्यांचे जे गोडवे गायले जातात त्यांत हे सांगायचे राहून जाते, की शिजवल्यावर ज्वारीतील कॅफिरिन प्रथिनांचे दुवे घट्ट होतात आणि ती पचायला जड जातात. केवळ ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा हा कुपोषणाचा रोग आढळे, आणि १९६० मध्ये सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन या ॲमिनो आम्लाच्या जास्त प्रमाणाशी जोडला होता. या उपपत्तीवर पुढे बराच वाद झाला. पेलाग्रा हे न सोसणे नव्हे, पोषणाचा अभाव आहे. पण त्यातही जुलाब लागतात. ‘अमुक धान्य सोसत नाही’ असे म्हणण्याआधी ताटात दुसरे काय होते हे पाहावे लागते, ते यासाठी.

गहू या ताटात मोठ्या प्रमाणावर आला तो अलीकडे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने मिळू लागला, २०२३ पासून दोन्ही धान्ये मोफत झाली, आणि भाकरीच्या जोडीला रोज चपाती आली. सिलिॲक होण्यासाठी आनुवंशिक प्रवृत्ती लागते आणि गहूही लागतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तेवीस हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत उत्तर भारतात सिलिॲकचे प्रमाण १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघाले. प्रवृत्ती दोन्हीकडे होती, फरक मुख्यतः खाण्यातल्या गव्हाचा होता. सास्तूरचा पट्टा खाण्याच्या सवयींनी या दोन टोकांच्या मधला आहे.

सिलिॲक नसतानाही ‘चपातीने पोट फुगतं’ अशी तक्रार पुष्कळांची असते. दर वेळी दोष ग्लूटेनचा नसतो. गव्हात फ्रुक्टान नावाची शर्करासाखळी असते. ती माणसाच्या आतड्यात तुटत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. नॉर्वेतील एका चाचणीत स्वतःला ग्लूटेन सोसत नाही असे मानणाऱ्यांना ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टाननेच अधिक त्रास झाला. कांदा आणि लसूण हेही फ्रुक्टानचे मोठे साठे आहेत. चपाती सोडून कांद्याचा झणका मारलेली आमटी चालू ठेवणाऱ्याला म्हणूनच फारसा फरक पडत नाही.

दूध, ताक, खवा : दुधातील लॅक्टोज ही शर्करा तोडायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागते. तान्हेपणी ते भरपूर असते आणि जगातील सुमारे दोनतृतीयांश माणसांत वाढत्या वयाबरोबर ओसरते. तेव्हा मोठेपणी दूध न सोसणे हा आजार नाही, तोच माणसाचा सामान्य स्वभाव आहे. मोठेपणीही दूध पचणे हा नंतरचा फेरबदल. भारतात हा फेरबदल वायव्येकडे जास्त आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी दिसतो.

मात्रेचा हिशेब येथे फार उपयोगी पडतो. गाईच्या दुधात सुमारे पाच टक्के लॅक्टोज असते. बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एक पेलाभर दुधातले, निभावते. चहातल्या पन्नास मिलिलिटर दुधात ते जेमतेम अडीच ग्रॅम. म्हणून ‘मला दूध चालत नाही’ म्हणणारा माणूस दिवसातून चार चहा खुशाल पितो, आणि तो खोटे बोलत नसतो. खव्याचे मात्र उलटे. दूध आटवले की लॅक्टोज एकवटते आणि शंभर ग्रॅम खव्यात ते वीस ग्रॅमच्या वर जाते. कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा प्रवासात एकट्याने संपवणाऱ्याला हे अनुभवाने कळते. शेळीचे दूध ‘हलके’ मानण्याचा प्रघात उस्मानाबादी शेळीच्या या मुलखात साहजिक आहे. पण त्यातही चार टक्क्यांहून अधिक लॅक्टोज असते, त्यामुळे लॅक्टोज न सोसणाऱ्याला त्याचा आधार नाही. ताक आणि दही खरोखर हलके. आंबवणारे जिवाणू काही लॅक्टोज आधीच फस्त करतात आणि त्यांचे विकर पोटात गेल्यावरही काम करत राहते.

लहान मुलांत आणखी एक प्रकार दिसतो. जोराचे जुलाब होऊन गेले की आतड्याचे अस्तर खरवडले जाते आणि काही दिवस लॅक्टेज कमी पडते. अस्तर भरून आले की दूध पुन्हा सोसते. या दिवसांत धरलेले दुधाचे पथ्य पुढे वर्षानुवर्षे चालू ठेवले, तर मुलाचे नुकसानच होते. अंगावरचे दूध तर जुलाबातही बंद करायचे नसते.

डाळी आणि येळवस : तूर, हरभरा, वाटाणा, मटकी यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या तोडणारे विकर कोणाही माणसाच्या आतड्यात नसते. म्हणजे डाळीने वायू होणे हे सर्वांचेच आहे, कमी-जास्त इतकाच फरक. याचा सामुदायिक प्रयोग दरवर्षी मार्गशीर्ष अमावास्येला होतो. लातूर-धाराशिवकडे वेळअमावास्या, बोलीत येळवस, शिवारात साजरी करतात. भज्जीत ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणे, शेंगदाणे, पालेभाज्या आणि डाळीचे पीठ एकत्र शिजते. सोबत उंडे, भाकरी, गव्हाची खीर आणि मडक्यातले आंबील. वायू करणाऱ्या शर्करांची इतकी भरगच्च मेजवानी एरवी क्वचितच होते. दुसऱ्या दिवशी गावभर पोटे जड असतात आणि कोणी त्याला रोग म्हणत नाही, ते बरोबरच आहे. ज्वारीचे पीठ ताकात आंबवलेले आंबील या ताटात आहे ही जमेची बाजू. आंबवल्याने ज्वारीची प्रथिने पचायला सोपी होतात. कडधान्य भिजवून पाणी टाकून देणे, मोड आणणे यांनीही या शर्करा कमी होतात.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील पीटर गिब्सन आणि सू शेपर्ड यांनी २००५ च्या सुमारास अशा सर्व अपचनशील, आंबणाऱ्या शर्करांना ‘फॉडमॅप’ हे एकच नाव दिले आणि त्यांवर आधारित पथ्य बसवले.

आतडे आणि सर्व अंग : न पचता मोठ्या आतड्यात पोहोचलेल्या या शर्करा तेथील जिवाणूंचे अन्न आहेत. त्या आंबवून जिवाणू ब्यूटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्यांतूनच घेतात. ज्याने पोट फुगते त्यानेच आतडे पोसते, असा हा दुपेडी व्यवहार आहे. मग एकाला मुरडा येतो आणि दुसऱ्याला का नाही? प्रतिमातंत्राने पाहिले तेव्हा दोघांच्या आतड्यांत वायू आणि पाणी जवळपास सारखेच दिसले. फरक आतड्याच्या नसांच्या हळवेपणात होता. हळव्या आतड्याच्या या अवस्थेला आयबीएस म्हणतात. जोराच्या जुलाबानंतर ती सुरू होऊ शकते, आणि मोठ्या धक्क्यातून गेलेल्या माणसांत अधिक आढळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात ज्या गावांची पडझड झाली त्यांत सास्तूरही होते. मनाचे पोटावर उमटते, हे या गावाला पटवून द्यावे लागत नाही. थकवा, झोपमोड, चिडचिड ही लक्षणे अशा पोटासोबत येतात, पण प्रत्येक थकव्याचे खापर अन्नावर फोडणे चूक. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह आधी तपासायचे असतात.

निदान : लॅक्टोजसाठी उच्छ्वासातील हायड्रोजन मोजतात. सिलिॲकसाठी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी असते. ही चाचणी गहू खाणे चालू असतानाच करावी लागते, आधी गहू सोडला तर ती खोटा दिलासा देते. शेकडो पदार्थांची यादी हाती ठेवणाऱ्या आयजीजी चाचण्या मोठ्या किमतीला विकल्या जातात. आयजीजी ही प्रतिपिंडे तो पदार्थ खाल्ल्याची खूण आहेत, न सोसल्याची नव्हे. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी या चाचण्या करू नयेत असेच सांगितले आहे. खरी चाचणी स्वस्त आणि कंटाळवाणी आहे: संशयित पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद करायचा, खाणे आणि त्रास वहीत टिपायचे, मग तो पदार्थ थोडा थोडा वाढवत परत आणायचा. परत आणण्याची पायरी बहुतेक जण गाळतात. त्यामुळे पथ्य वाढत जाते, ताट आकसते आणि आतड्यातले बिफिडोबॅक्टेरियासारखे उपयुक्त जिवाणूही घटतात. ज्या घरात प्रथिने मुख्यतः डाळीतून आणि कॅल्शियम दूध-ताकातून येते तेथे ही चैन परवडणारी नाही. वजन घटणे, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, मुलाची वाढ खुंटणे यांपैकी काही दिसले तर वही बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

सिलिॲक ठरलेल्या माणसासाठी मात्र मात्रेची सवलत नाही आणि तडजोडही नाही. ज्वारीची भाकरी त्याला चालते, पण गिरणीत गव्हानंतर दळलेली ज्वारी चालत नाही. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणण्यासाठी भारतात किलोमागे २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, आणि चिमूटभर कणकेत तेवढे ग्लूटेन भरते. घरच्या जात्यावर किंवा फक्त ज्वारीसाठी राखलेल्या घरघंटीवर दळावे लागते, परात आणि तवाही वेगळे लागतात. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. त्यामुळे वायू होऊ नये म्हणून वरणात घातलेली हिंगाची चिमूटच अशा माणसाला घातक ठरू शकते.