सड्यावरचा वारा

* ‘सडा’ म्हणजे जांभ्याचे सपाट पठार. जमिनीलगतचा वारा झाडे, घरे व चढउतार यांच्याशी घासून मंदावतो आणि उंचीबरोबर हे घर्षण उणावत जाऊन त्याचा वेग वाढतो. मोकळ्या, सपाट जागी १० मीटरांवरील, म्हणजे वेधशाळांच्या प्रमाण उंचीवरील, वेगापेक्षा ८० मीटरांवरचा वेग सर्वसाधारणपणे एकतृतीयांशाने अधिक भरतो. म्हणूनच डिचोलीत मयेच्या तळ्याकाठी माडाच्या बुंध्याशी गवत निश्चल असताना शेंड्याच्या झावळ्या सळसळत असतात, आणि पेडण्यातील मोपाच्या उघड्या सड्यावर, जेथे ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उतरू लागली, वारा अधिक झोंबतो. घर्षण कमी होते तशी दिशाही पालटते : उत्तर गोलार्धात उंचीबरोबर वारा बहुधा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळत जातो. हिवाळ्यातील दुपारी मात्र खाली पश्चिमेचा खारा वारा आणि वरच्या थरात पूर्वेकडचा, असा दुमजली प्रकार किनारपट्टीवर आढळतो. पावसाळ्यात सुमारे दीड किलोमीटरवर पश्चिमी वाऱ्याचा वेगवान पट्टा वाहतो, ज्याची नोंद जोसेफ व रामन यांनी १९६६ मध्ये केली. त्याच्या वर वेग पुन्हा घटतो, तेव्हा ‘जितके उंच तितका वारा जोराचा’ हे विधान ढोबळच मानावे.