द्यूतपटापासून संगणकाच्या भुयारापर्यंत



वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास म्हटला की लढाया, किल्ले आणि सनदा यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज एका खेळाचा इतिहास सांगणार आहोत. हा खेळ संगणकावर खेळतात. खेळणारा त्यात एखाद्या योद्ध्याची, मांत्रिकाची किंवा चोराची भूमिका घेतो, अद्भुत प्रदेशात शिरतो आणि संकटातून वाट काढतो. इंग्रजीत त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. घराघरांतील मुले त्याविषयी बोलतात आणि वडील माणसे कपाळाला आठ्या घालतात. मुलांना वाटते की वडिलांना यातले काही कळत नाही, आणि वडिलांना वाटते की हा जुगाराचाच धाकटा भाऊ आहे. दोघांचे म्हणणे तपासून पाहावे आणि नवख्याने या खेळाला हात कसा घालावा हेही सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रारंभ दूरच्या देशातून करण्याचे कारण नाही. पहूरहून अजिंठ्याचा रस्ता सर्वांच्या पायाखालचा आहे, आणि अजिंठ्याच्या दरीतली वाघूर आपल्याच मुलुखातून तापीला मिळते. त्या दरीतील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, विधुरपंडित जातकाची कथा भिंतीवर रंगविली गेली. झोक्यावर बसलेली नागकन्या पाहून प्रवासी पुढे जातात. ती झोक्यावर का बसली आहे, हे फार थोडे जण विचारतात.

कथा अशी आहे. नागराजाची राणी विमला हिने इंद्रप्रस्थाच्या विधुर नावाच्या पंडिताची कीर्ती ऐकली आणि त्याचे हृदय आपणास हवे असा हट्ट धरला. जो ते आणील त्याला आपली कन्या इरंदती देऊ, असे ठरले. पूर्णक नावाच्या यक्षाने हे काम अंगावर घेतले. तो इंद्रप्रस्थास गेला, राजाशी फासे खेळला आणि पणात विधुराला जिंकून बसला. राजा म्हणू लागला की विधुर म्हणजे माझा आत्माच, तो पणाला लावण्याची वस्तू नव्हे. तेव्हा निर्णय खुद्द विधुरावर सोपविण्यात आला. राजाची बाजू घेतली असती तर तो सुटला असता. पण त्याने सत्य तेच सांगितले, मी राजाचा दास आहे, आणि यक्षाबरोबर निघाला. वाटेत पूर्णकाने त्याला मारण्याचे नाना प्रयत्न केले. विधुर डगमगला नाही. उलट, तुला माझे हृदय कशासाठी हवे आहे, असे त्याने विचारले आणि यक्षाला धर्म सांगितला. शेवटी नागलोकात उलगडा झाला की शहाण्याचे हृदय म्हणजे त्याची प्रज्ञा. राणीला ती ऐकावयाची होती. कोणाची छाती फाडण्याची गरजच नव्हती.

या कथेत एक कामगिरी आहे, एक प्रवास आहे, फाशांचा डाव आहे, आणि कामगिरीचे शब्द नीट न वाचल्यामुळे झालेला घोटाळा आहे. आजच्या भूमिकेच्या खेळांचा सांगाडा नेमका हाच आहे. म्हणून अजिंठ्यातून संगणकाचा खेळ निघाला, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण ज्या मुलुखाच्या शेजारच्या भिंतीवर ही कथा दीड हजार वर्षे आहे, त्याला हा खेळ अगदीच परका वाटू नये.

आता पटाकडे वळू. सारीपाट, पंचवीसी, मोक्षपट हे आपले घरगुती खेळ. मोक्षपटाचे श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते. हाती असलेले असे जुने पट मात्र त्यांच्यानंतर कित्येक शतकांचे आहेत. त्यावरच्या शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला आणि सापशिडी होऊन परत आला. पंचवीसीच्या घराण्यातून 1896 साली लुडो निघाला. या सर्व खेळांत एक गोष्ट समान आहे. मोक्षपटावर जे दान पडेल तेथे जावे लागते. क्रोधाच्या घरात जायचे नाही असे खेळणाऱ्याने कितीही ठरविले तरी कवड्या ऐकत नाहीत. गुणदोषांची नावे पटावर आहेत, पण निवड खेळणाऱ्याच्या हातात नाही. सारीपाटात कोणती सोंगटी हलवावी एवढी मोकळीक असते, तरी सोंगटीला स्वभाव नसतो.

निवडीचा धागा दुसऱ्या एका भारतीय खेळातून आला. तो म्हणजे चतुरंग. इराण आणि अरब देशांतून तो युरोपात गेला व बुद्धिबळ झाला. पुढे प्रशियात लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी पटावरची लढाई खेळू लागले. 1824 साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका खेळात नकाशा, फासे आणि निवाडा देणारा पंच अशी तिन्ही अंगे होती. दीडशे वर्षांनी अमेरिकेत याच परंपरेतील दोन खेळगड्यांनी, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी, एक पाऊल पुढे टाकले. सैन्याऐवजी एकेका खेळाडूला एकच माणूस दिला. 1974 साली त्यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ बाजारात आला.

या माणसाचे बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि प्रभाव असे सहा गुण तीन-तीन फासे टाकून ठरवीत. येथपर्यंत मोक्षपटच! पण पुढे पंच विचारी, समोर दार आहे, तुम्ही काय करता? याचे उत्तर कवड्या देत नाहीत, खेळणाराच देतो. मग ते साधेल की फसेल, हे बहुधा फाशावर ठरते. दैव आणि पुरुषार्थ यांचा जुना वाद या खेळाने असा वाटून टाकला आहे: दान दैवाचे, वाट आपली. आमच्या मते या खेळाचे सारे मर्म एवढ्यातच आहे. सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात बोहाड्यात मुखवटा चढविणारा माणूसही देव-दानव होतो, पण त्याची कथा आधीच ठरलेली असते. येथे ती ठरलेली नसते.

संगणकावर हा खेळ आला तो विद्यापीठांतून. 1975 साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या शिक्षणासाठी उभारलेल्या संगणकव्यवस्थेवर विद्यार्थ्यांनी भुयारांचे खेळ रचले. व्यवस्थापक ते पुसून टाकीत आणि विद्यार्थी पुन्हा रचीत. त्याच सुमारास विल क्राउथर नावाच्या संगणकतज्ज्ञाने एक निराळाच खेळ लिहिला. हे गृहस्थ हौशी गुहासंशोधक होते आणि केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेच्या मोजणीत त्यांनी भाग घेतला होता. आपल्या मुलींसाठी त्यांनी तीच गुहा शब्दांतून संगणकात उतरविली. चित्र एकही नव्हते. कोठे उभे आहात ते संगणक सांगे आणि खेळणारा 'उत्तरेस जा', 'दिवा घे' असे शब्द टंकित करी. 1977 साली स्टॅनफर्डच्या डॉन वूड्स यांनी त्यात भर घातली. आपल्या शेजारच्या गुहांवर 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने आपले नाव कोरले. क्राउथर यांनी नाव न कोरता गुहाच घरोघरी नेली, असे म्हणावयास हरकत नाही.

1981 साली कॉर्नेल विद्यापीठातील अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा विझर्ड्री हा खेळ अॅपल संगणकावर आला. त्याच वर्षी रिचर्ड गॅरिअट यांचा अल्टिमा आला. या दोहोंपासून स्फूर्ती घेऊन 1986 साली जपानात ड्रॅगन क्वेस्ट निघाला आणि हा प्रकार जगभर पसरला. विझर्ड्रीची नवी आवृत्ती 2024 साली पूर्ण स्वरूपात निघाली आहे. त्यामुळे नवख्याला मूळ घराण्याची ओळख आजही करून घेता येते.

ती कशी करावी? खेळात एक नगर आहे आणि नगराखाली दहा मजल्यांचे भुयार. प्रत्येक मजला वीस गुणिले वीस, म्हणजे चारशे घरांचा. प्रथम सहा गडी तयार करावेत. पुढच्या तिघांनाच हातघाईची लढाई करावी लागते, म्हणून तेथे दणकट योद्धे ठेवावेत. मागे पुरोहित, मांत्रिक आणि पेट्यांचे सापळे ओळखणारा चोर. दुकानातून शस्त्र घेतल्यावर ते गड्याच्या अंगावर चढवावयाचे असते. नवखा हे विसरतो आणि तलवार पिशवीत ठेवून लढतो! मांत्रिकाजवळ शत्रूला झोपविण्याचा मंत्र असतो. आरंभी जाळण्याच्या मंत्रापेक्षा तोच अधिक उपयोगी पडतो. पहिले काही दिवस जिन्याजवळच राहावे, एकदोन लढाया कराव्यात आणि परत नगरात येऊन विसावा घ्यावा.

आणि जवळ चौकटींचा कागद ठेवावा. जुन्या खेळात नकाशा खेळणाऱ्यालाच काढावा लागे. दर पावलाला एक चौकोन, भिंतीला रेघ, दाराला खूण. ज्याने नकाशा काढला नाही तो हरवला. गडी मेला तर मंदिरात द्रव्य देऊन उठविता येई. तो विधी फसला तर राख होई, आणि राखेवरचा विधी फसला तर तो गडी कायमचा गेला. त्या काळी मृत्यूची नोंद तबकडीवर तत्काळ होई. म्हणून खोल जाण्यापेक्षा वेळीच परतणे, हेच या खेळातले पहिले शहाणपण.

आता वडिलांच्या आक्षेपाकडे येऊ. फासे म्हटले की आपल्याला द्रौपदी आठवते, आणि ऋग्वेदातील जुगाऱ्याचे सूक्तही. ही भीती खोटी नव्हे. पणाला पैसा लागला की खेळ संपतो आणि घर उघडे पडू लागते. म्हणूनच 2025 साली आपल्या संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि इतर खेळांना त्यापासून वेगळे ठेवले. ही रेषा घरातही ओढावी. मुलगा भुयारात उतरला आहे की पैसा पणाला लावतो आहे, हे वडिलांनी शेजारी बसून पाहावे. शेजारी बसल्याशिवाय ते कळणार नाही. वेळेचा आक्षेपही खरा आहे. त्यावर उपाय तोच, नगरात परतण्याची वेळ आधी ठरविणे.

मात्र आमच्या मनात एक वेगळीच काळजी आहे. आपली मुले या गुहांत शिरतात ती बहुधा इंग्रजी शब्द वाचून. यक्ष, नाग, पटावरचे साप आणि लेण्यातला द्यूत आपल्या दारात असताना आपल्या भाषेत दाराशी उभा राहून 'आता तुम्ही काय करता?' असे विचारणारा खेळ सहसा सापडत नाही. यासाठी यंत्रच हवे असे नाही. 1974 साली कागद, शिसपेन्सिल, फासे आणि चार मित्र एवढ्यावर आरंभ झाला होता. ते पहूरच्या कोणत्याही ओट्यावर जमू शकेल. एकाने पंच व्हावे आणि इतरांना नागलोकाच्या दारात नेऊन उभे करावे.

मग कोणी तरी म्हणेल, हृदय हवे आहे ना, तर काढा तलवार! तेव्हा पंचाने घाई करू नये. पूर्णकाचीही तीच चूक झाली होती. विधुराने त्याला एकच प्रश्न विचारला, हे तुला कशासाठी हवे आहे? नवख्याने पहिल्या दाराशी हा प्रश्न स्वतःला विचारावा. आणि मुलाच्या हातून खेळ हिसकावून घेण्यापूर्वी वडिलांनीही त्याला तोच विचारून पाहावा.