आज रात्री दिसेल का? : ध्रुवप्रकाशाच्या अंदाजाचा इतिहास

उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो, आइसलंड, अलास्कातील फेअरबँक्स किंवा कॅनडातील यलोनाइफ येथे हिवाळ्यात संध्याकाळ झाली, की एक साधा प्रश्न विचारला जातो : आज रात्री ध्रुवप्रकाश दिसेल का? प्रश्न जुनाच आहे. पण त्याचे उत्तर देण्याची रीत गेल्या आठ शतकांत अनेकदा बदलली. साहित्याचे अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्यांना या इतिहासात रस वाटावा, याचे कारण त्यात दडलेले दोन शब्द : शकुन आणि अंदाज. व्यवहारात आपण या दोहोंत फारसा भेद करत नाही, कारण दोन्ही पुढे घडणाऱ्या गोष्टींविषयी बोलतात. परंतु शकुन सांगणाऱ्यावर आपले म्हणणे कुठवर खरे, हे सांगण्याचे बंधन नसते. अंदाज सांगणाऱ्यावर ते असते. हे बंधन माणसाने कसकसे पत्करले, ते पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रारंभी नावाचा विचार करू. सतराव्या शतकात युरोपीय विद्वानांत रूढ झालेल्या 'ऑरोरा बोरिआलिस' या नावाचा अर्थ 'उत्तरेची पहाट'. ऑरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवता, आणि आपल्या ऋग्वेदातील 'उषस्' हा शब्द त्याच भाषाकुळातला, तिचा सख्खा आप्त. हे नाव दक्षिणेकडून पाहणाऱ्याचे आहे. ध्रुवप्रकाशाचा हिरवा रंग साधारणपणे शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनमुळे उमटतो, तर लाल रंग दोनशे किलोमीटरांच्याही वर. फार दूर दक्षिणेला असलेल्या माणसाला पृथ्वीच्या वक्रतेमुळे खालचा हिरवा भाग दिसत नाही. क्षितिजालगत वरची तांबूस आभा तेवढी दिसते. तिला कुणी पहाट म्हणेल, कुणी आग. सम्राट टायबेरियसच्या काळात अशीच आभा पाहून ओस्टिया बंदर पेटले असे सैनिकांना वाटले आणि ते मदतीला धावले, असे सेनेकाने लिहून ठेवले आहे. सोळाव्या शतकातील जर्मन छापील पत्रकांत याच आभेचे भाले, सैन्ये आणि रक्त झाले. जो देखावा क्वचितच दिसतो, त्याविषयी 'पुन्हा कधी दिसेल' असे विचारण्याइतका परिचयच होत नाही. 'याचा आमच्यासाठी अर्थ काय' एवढेच विचारले जाते. शकुनाचा जन्म दुर्मीळतेतून होतो, असे म्हणता येईल.

उत्तरेकडील माणसाची गोष्ट वेगळी. १२५०च्या सुमारास नॉर्वेत 'कोनुंग्स स्कुग्सिया' म्हणजे 'राजाचा आरसा' हा ग्रंथ रचला गेला. लेखक अज्ञात आहे. रचना पिता-पुत्र संवादाची. त्यात ग्रीनलंडचे वर्णन करताना पिता या प्रकाशाला सरळ 'उत्तरेचा उजेड' म्हणतो आणि त्याच्या कारणांविषयीची तीन मते मांडतो : पृथ्वीला वेढणाऱ्या महासागराभोवती अग्नी असावा, मावळलेल्या सूर्याचे किरण वर पोहोचत असावेत, किंवा हिमनद्यांनी साठवलेले तेज बाहेर पडत असावे. तिन्ही मते आज टिकणारी नाहीत. मात्र कारणांच्या आधी आलेली एक नोंद टिकली आहे. रात्र जितकी काळोखी तितका हा प्रकाश ठळक, आणि चांदण्यात तो क्वचित दिसतो, असे पिता सांगतो. आमच्या मते 'आज दिसेल का' या प्रश्नाच्या शास्त्रशुद्ध उत्तराची ही सुरुवात होय. प्रकाशाचा अर्थ बाजूला ठेवून तो कोणत्या अटींवर दिसतो, हे येथे सांगितले गेले.

यापुढचे पाऊल पडायला जवळजवळ पाचशे वर्षे लागली. १७१६च्या मार्च महिन्यात युरोपभर दिसलेल्या एका भव्य ध्रुवप्रकाशानंतर एडमंड हॅलीने त्याचा संबंध पृथ्वीच्या चुंबकत्वाशी जोडला. तो तर्क होता; पुरावा मिळाला तो स्वीडनमधील उप्सालात. आंडर्स सेल्सियस आणि त्याचा मेहुणा ओलोफ ह्योर्टर यांनी होकायंत्राच्या सुईची तासातासाला नोंद ठेवण्याचे अत्यंत कंटाळवाणे काम हाती घेतले होते. १७४१ साली ह्योर्टरच्या ध्यानात आले, की आकाशात ध्रुवप्रकाश असताना सुई अस्वस्थ होते. त्याच वर्षी ५ एप्रिलला उप्सालात सुई हलली तेव्हा लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहमचीही सुई हलत होती. अर्थ असा, की ढगांनी आकाश झाकले असले, तरी वर काय चालले आहे ते खोलीतल्या सुईवरून कळू शकत होते. पाहणाऱ्याची नजर प्रथमच आकाशावरून उपकरणावर गेली.

उपकरणावरची नजर पुढे सूर्यावर गेली. सूर्यावरील डागांची संख्या ठरावीक वर्षांनी वाढते आणि घटते, हे देसाऊच्या हाइनरिख श्वाबेने १८४३च्या सुमारास दाखवले. १८५२ साली एडवर्ड सॅबिनने सुईची अस्वस्थताही त्याच चक्राने वाढते हे सिद्ध केले. हे चक्र सुमारे अकरा वर्षांचे. मग १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने डागांचे चित्र काढत असताना सूर्यावर अचानक उजळलेली ज्वाला पाहिली. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. उष्ण कटिबंधापर्यंत ध्रुवप्रकाश दिसला, आणि अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंड यांच्यामधील तारायंत्र बॅटरी तोडूनही चालत राहिले.

या घटनेचा एक धागा थेट मुंबईशी जुळतो. कुलाबा वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. वादळ टिपेला पोहोचले तेव्हा मुंबईत दिवस होता. दिसण्यासारखे काही नव्हते. पण कुलाब्यातील कर्मचारी उपकरणावरचे आकडे डोळ्यांनी वाचून वहीत उतरवत होते. लंडनजवळच्या क्यू येथील आपोआप आलेख काढणाऱ्या यंत्राची रेषा कागदाबाहेर गेली. कुलाब्याच्या वहीत मात्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वहीच्या आधारे त्या वादळाचे मोजमाप पुन्हा मांडले. पुढे ४ फेब्रुवारी १८७२च्या वादळात खुद्द मुंबईतून ध्रुवप्रकाश दिसल्याचेही वृत्त आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडणार, म्हणून १९०४ साली नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत या नोंदींचे काम अलिबागला हलवण्यात आले. ज्या देखाव्याची कुणी वाटही पाहत नव्हते, त्याची इतकी काळजीपूर्वक नोंद ठेवणाऱ्या अनामिक कारकुनांविषयी आम्हांला आदर वाटतो.

इतके होऊनही सूर्याचा संबंध सर्वमान्य झाला नव्हता. १८९२ साली रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून लॉर्ड केल्विनने तो केवळ योगायोग ठरवला. त्याचे गणित असे : सूर्याने सर्व दिशांना चुंबकीय लहरी पाठवून असे वादळ घडवायचे, तर चार महिन्यांच्या उष्णतेइतकी शक्ती काही तासांत खर्च व्हावी लागेल. गणितात चूक नव्हती; 'सर्व दिशांना' या गृहीतात होती. १९०४ साली वॉल्टर मॉन्डरने जुन्या नोंदी तपासून दाखवले, की वादळे बहुधा सुमारे २७ दिवसांनी परततात. सूर्य पृथ्वीवरून पाहता तेवढ्याच दिवसांत स्वतःभोवती एक फेरी घेतो. म्हणजे सूर्यातून अरुंद झोत निघत असावेत, आणि फिरणाऱ्या दिव्याच्या उजेडाप्रमाणे ते पृथ्वीवरून पुन्हा पुन्हा जात असावेत. येथे प्रथमच एक वापरता येण्याजोगा नियम हाती आला : आज प्रकाश दिसला असेल, तर २७ दिवसांनी पुन्हा बाहेर पडून पाहा.

दरम्यान उत्तरेत माणसे थंडीत उभी राहून पाहतच होती. सोफस ट्रॉमहोल्ट या शिक्षकाने पत्रे पाठवून निरीक्षकांचे जाळे उभे केले आणि १८८२-८३चा हिवाळा सामी लोकांच्या काउतोकेइनो या गावी काढला. त्याला ध्रुवप्रकाशाचे छायाचित्र घेता आले नाही. त्याने घेतलेली सामी माणसांची छायाचित्रे मात्र आज मोलाची मानली जातात. क्रिस्टियान बिर्कलांडने १८९९ साली आल्टाजवळच्या हाल्डे डोंगरावर वेधशाळा बांधली. त्या हिवाळ्यात त्याच्या एका तरुण सहकाऱ्याचा हिमलोटाखाली मृत्यू झाला. पुढे त्याने निर्वात पेटीत एक चुंबकीय गोळा ठेवून त्यावर विद्युत्कणांचा मारा केला आणि गोळ्याच्या दोन्ही टोकांशी कडी उजळवून दाखवली. हे सूर्याचे कण आहेत, हे त्याचे म्हणणे त्याच्या हयातीत फारसे मान्य झाले नाही. १९१७ साली टोकियोत त्याचे निधन झाले. त्याने सांगितलेल्या विद्युत्प्रवाहांचा पुरावा उपग्रहांनी १९६०च्या दशकात दिला.

आता 'कुठे' आणि 'किती' यांची सांगड राहिली होती. इलायस लूमिसने १८६० सालीच नकाशा काढून दाखवले होते, की हा प्रकाश ध्रुवावर सर्वाधिक दिसत नाही. तो ध्रुवाभोवतीच्या एका पट्ट्यात दिसतो. म्हणून अगदी उत्तरेला गेल्याने संधी वाढेलच असे नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस युलिउस बार्टेल्सने चुंबकीय अस्वस्थतेसाठी शून्य ते नऊ अशी श्रेणी ठरवली, आणि पुढे जगभरच्या वेधशाळांच्या आकड्यांवरून 'केपी' निर्देशांक तयार झाला. अंक वाढला की पट्टा दक्षिणेकडे पसरतो. पण हा अंक तीन तासांचा गोषवारा असतो, आणि ध्रुवप्रकाशाचा भर कधीकधी अवघी काही मिनिटेच टिकतो. अंक मोठा म्हणून बाहेर पडलेला माणूस रिकाम्या आकाशाखाली उभा राहू शकतो, आणि अंक लहान म्हणून झोपलेल्याच्या छतावरून उत्तम देखावा निघून जाऊ शकतो.

याचे कारण १९६१ साली जेम्स डंजीने मांडले. सूर्यापासून येणाऱ्या कणप्रवाहाबरोबर चुंबकीय क्षेत्रही येते. त्याची दिशा दक्षिणेकडे असेल, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि दार उघडते. दिशा उत्तरेकडे असेल, तर मोठा झोतही बराचसा बाहेरून निघून जातो. सूर्यावरचा स्फोट आपल्याला आठ मिनिटांत दिसतो. त्यातून निघालेला कणांचा ढग एक ते चार दिवसांत पोहोचेल, हेही सांगता येते. परंतु त्यातील क्षेत्राची दिशा तेथून भरवशाने कळत नाही. ती कळते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवर ठेवलेल्या यानांना. १९९७ साली सोडलेले एस आणि २०१५ सालचे डिस्कव्हर ही त्यांतली. सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर आहे. म्हणजे प्रवासाचा ९९ टक्के भाग संपल्यावर मुख्य प्रश्नाचे उत्तर मिळते, आणि हाती उरतात जेमतेम पंधरा मिनिटे ते तासभर.

१० मे २०२४च्या रात्री हे सारे एकत्र दिसले. दोन दशकांतले सर्वांत मोठे वादळ आले. लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरची लाल आभा टिपली. मात्र ट्रॉम्सोत, ध्रुवप्रकाशाच्या त्या माहेरघरी, मे महिन्यामुळे रात्री अंधारच पडत नव्हता. 'राजाचा आरसा'मधील पित्याची अट साडेसातशे वर्षांनीही मोडता आली नाही.

म्हणून आज कुणी हा प्रश्न विचारला, तर प्रामाणिक उत्तर चार भागांचे असते. तुम्ही पट्ट्याच्या किती जवळ आहात? अंधार आहे का? आकाश मोकळे आहे का? आणि येणाऱ्या क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे वळली आहे का? पहिल्या दोहोंचे उत्तर पंचांगाइतके पक्के असते, तिसऱ्याचे दिवसभर आधी बऱ्यापैकी देता येते, चौथ्याचे तासाभरापूर्वी. यातले कोणते उत्तर किती पक्के आहे हे सांगणे, हाच अंदाज सांगणाऱ्याचा धर्म. शकुन सांगणारे कधी चुकत नसत, कारण त्यांचे म्हणणे तपासायची सोयच नसे. ह्योर्टर, मॉन्डर, बिर्कलांड यांनी आणि कुलाब्याच्या कारकुनांनी चूक ठरण्याची सोय असलेली विधाने मागे ठेवली, आणि म्हणूनच त्यांच्यानंतर आलेल्यांना त्यांच्यापुढे जाता आले. साहित्याच्या वर्गात एखाद्या कवितेविषयी ठाम विधान करताना आपण सारे ही शिस्त कितपत पाळतो, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो. बाकी, चारही उत्तरे अनुकूल असली, तरी शेवटी गरम कपडे घालून बाहेर जाऊन उभे राहावेच लागते.